रान उठवायचा दिवस

“झाडू थांबवू नगंस,” सासू पुटपुटली. “बगत्यात ते.”

मी पुन्हा वाकले. तंबूंपुढचं अंगण आम्ही दोघी सकाळपासून झाडत होतो. तिथं झाडण्यासारखं काहीच उरलं नव्हतं. पण हात थांबले असते तर कुणीतरी काहीतरी विचारलं असतं, आणि त्या दिवशी आम्हाला कुणी काही विचारायला नको होतं.

ऊन डोंगराच्या धारेवरून खाली उतरलं होतं. दरवर्षी एवढ्या वेळाला रान उठलेलं असायचं. आधी वरच्या घळीतून हलगी कडाडायची. तिच्या मागोमाग डोंगरभर पसरलेल्या माणसांचे डबे, ताशे, आरोळ्या सुरू व्हायच्या, आणि भेकरं, डुकरं, मोर अशी खाली पळत सुटायची की तंबूंमागचे घोडे दावणीला हिसके द्यायचे. त्या दिवशी घोडे शेपटीनं माशा हाकत उभे होते. ओढ्याचं पाणी वाहतं तेवढाच आवाज.

शिकारखान्याचा फौजदार तंबूतून बाहेर आला, डोंगराकडं बघून आत गेला, पुन्हा बाहेर आला. घळीच्या तोंडाशी मचाणावर महाराज बसले होते, त्यांच्या शेजारी त्यांचा गोरा पाहुणा. पाहुण्याला वाघ दाखवायचा शब्द दिलेला होता.

“कोण वाजवणार आहे हलगी?” फौजदारानं शिपायाला विचारलं.

“तांबेघरचा दौलू मांग, साहेब. त्याचा बाप वाजवायचा. तो गेल्या साली...”

“माहीत आहे.” फौजदारानं इकडंतिकडं पाहिलं. “त्याच्या घरचं कोण आहे इथं?”

शिपायानं आमच्याकडं बोट केलं.

माझं नाव तान्हूबाई. दौलू माझा नवरा. त्याचं नाव तोंडानं घ्यायला मला म्हातारपण यावं लागलं, आमच्या वेळी बायका घेत नसत. आता घेते. पुढं मी दाईचं काम शिकले, चार अक्षरं लिहा-वाचायला शिकले, म्हणून हे असं सांगता येतं. तेव्हा मला काहीच येत नव्हतं. झाडता येत होतं.

आमचं निरवाडी संस्थान फार मोठं नव्हतं. चार दिवस चाललं की माणूस त्याच्या हद्दीबाहेर पडे. पण त्या हद्दीत महाराजांच्या शब्दाबाहेर काही नव्हतं, आणि वेठ तर हवेसारखी होती. लग्नकार्य महाराजांच्या वाड्यात असलं की आमच्या गावच्या गाड्या जायच्या. पाहुणे आले की गवत, जळण, कोंबड्या जायच्या. आणि थंडी संपता संपता शिकार निघाली की आजूबाजूच्या गावांतला प्रत्येक धट्टाकट्टा माणूस रान उठवायला डोंगरावर. सुगी उभी असली तरी. कुणी नाही म्हटलं तर चाबूक होता, पण सहसा कुणी नाही म्हणतच नसे.

त्या वेठीतसुद्धा वरचा-खालचा होता. कुणबी, धनगर, माळी हे डोंगराच्या उतारावर रांग धरून बसायचे, त्यांच्याजवळ डबे आणि ताशे. आमच्या मांगवाड्यातली माणसं घळीत. घळीत का, तर जनावर तिथूनच फुटतं. हलगीचा आवाज त्याला घळीच्या डोक्याकडून खाली रेटतो. पण कधीकधी ते खाली न जाता आवाजावरच येतं. माझ्या सासऱ्यावर असंच रानडुक्कर आलं. मांडीपासून बरगडीपर्यंत फाडला त्याला. हलगी बाजूला पडलेली होती, तिला ओरखडाही नव्हता. महाराजांनी सासूकडं एक जरीकाठी फेटा पाठवला. सासूनं तो फाडून गोधडीला लावला. कुणी विचारलं तर म्हणायची, “डोक्याला बांदायला डोकं कुटं हाय आता?”

त्यानंतर पावसाळ्यात हिंदुराव मास्तर गावात आला. पाटलांच्या भावकीतला, शिकायला कोल्हापुराकडं राहिलेला. वय माझ्या नवऱ्याएवढंच. चावडीशेजारी तो संध्याकाळी वर्तमानपत्र मोठ्यानं वाचायचा. आमची माणसं अंतरावर बसून ऐकायची. दौलू घरी आला की त्यातलं काही ना काही बोलायचा, आणि ते बोलणं मला समजायचं नाही.

“राजा म्हंजी परजेचा चाकर,” तो एकदा जेवता जेवता म्हणाला.

“कुनाचा?”

“परजेचा. आपला.”

सासू हसली. “मग सांग की त्याला, आजचं जळान घिऊन यी म्हनावं.”

दौलू हसला नाही. तो ते वाक्य चघळत बसला. त्या दिवसांत तो असंच करायचा. शेतात, पाण्यावर, वाटेनं, कुठलं तरी एक वाक्य तोंडात धरून हिंडायचा. जन्मताना सगळी माणसं सारखी. कर देतो त्याला विचारायचा हक्क. आणि एक नवाच शब्द, संप. दूरच्या गिरण्यांत लोकांनी हात बांधून बसायचं ठरवलं आणि मालकाला झुकावं लागलं, असं मास्तरानं वाचून दाखवलं होतं.

“म्हंजी कायच करायचं न्हाई?” मी विचारलं.

“कायच न्हाई.”

“आनि त्याला येगळा शबुद हाय?”

“हाय,” दौलू म्हणाला.

शिकारीची दवंडी पिटली आणि मास्तर आमच्या घरी आला. गावातला कुणबी मांगवाड्यात यायचा तो बाहेर उभा राहून हाक मारायला. मास्तर आत आला, घोंगडीवर बसला आणि म्हणाला, “पाणी द्या थोडं.” सासू माझ्याकडं बघत राहिली. मी तांब्या घासला, पुन्हा घासला, आणि दिला. तो प्यायला. सगळं पाणी प्यायला. दौलूचे डोळे भरून आले आणि त्यानं मान वळवली.

मास्तराचं सांगणं सोपं होतं. हलगी वाजल्याशिवाय रांगेनं आवाज करायचा नाही, ही पहिल्यापासूनची रीत. तेव्हा हलगी वाजलीच नाही तर डोंगर उठणारच नाही. गोऱ्या पाहुण्यासमोर महाराजांना विचारावं लागेल, काय पाहिजे. मग सांगायचं, वेठ बंद करा.

“बाकीची रांग?” दौलूनं विचारलं.

“सगळ्या गावांशी बोललोय मी. शपथा घेतल्यात.”

सासू चुलीपाशी बसून होती. ती तिथूनच म्हणाली, “म्हंजी मास्तर, रांगंला सांगाया झालं की आमी हलगीची वाट बगत हुतो. फटकं पयलं घळीत.”

मास्तरानं तिच्याकडं तोंड वळवलं. मग म्हणाला, “मी घळीतच बसणार आहे, आजी. दौलूजवळ.”

तो खोटं बोलला नाही. हे मला आजही सांगावंसं वाटतं. तो घळीतच बसला होता.

तर फौजदारानं मला पुढं बोलावलं. तीन-चार पावलांवर मी थांबले, त्याहून जवळ जायची रीत नव्हती.

“वर जा. नवऱ्याला सांग, लगेच वाजव म्हणावं. आत्ता वाजवली तर उशीर का झाला ते कुणी विचारणार नाही.” मग त्यानं काठीनं सासूकडं दाखवलं. “म्हातारी इथंच राहील. उन्हात. हलगीचा आवाज माझ्या कानावर आला की उठेल. नाही आला तर संध्याकाळपर्यंत तुमचा मांगवाडा जागेवर राहतो का बघ.”

सासूला त्यांनी तंबूंपुढच्या मोकळ्या जागेत बसवलं, आम्हीच झाडलेल्या. तिनं पदर डोक्यावर ओढला. मला वाटलं ती काहीतरी सांगेल, जा म्हणेल, नको म्हणेल. ती फक्त म्हणाली, “त्याला पानी घिऊन जा. सकाळधरनं कोरडा आसंल.”

आमच्या माणसांना रांगेतल्या पाणक्याकडून पाणी मिळत नसे. झाडाखाली आमचं मडकं होतं ते मी डोक्यावर घेतलं आणि चढायला लागले.

वाट रांगेतूनच जात होती. सगळा उतार माणसांनी भरलेला. एकेका झुडपाआड एकेक, गुडघ्यांत डबा धरून. इतकी माणसं आणि एवढी शांतता मी पुन्हा कधी पाहिली नाही. माझ्या पायाखालचा पाचोळा वाजत होता तेवढाच. मी नेहमीसारखी वाटेच्या कडेनं, अंग चोरून चालले होते. सावली कुणावर पडू नये म्हणून सूर्य कुठल्या बाजूला आहे ते बघत चालायची सवय होती.

वळणावर तुकोजी बसला होता. आमच्याच गावचा, मळेवाला. त्याच्या विहिरीच्या बाजूनं गेलं तरी तो ढेकूळ उचलायचा. एकदा माझ्या खांद्याला लागलं होतं. त्याला बघून मी वाट सोडून काट्यांत शिरायला लागले.

“काट्यात कशाला जाता?” तो म्हणाला. “वाटंनं जावा, वैनी.”

मी थांबले. मागं कुणी बाई आहे का, बघितलं. कुणी नव्हतं.

तो उठून बाजूला झाला. माझ्यासाठी. “दौलूला म्हनावं डगमगू नगं. आमी समदी हाय. तुमच्या हातात हाय आज समदं, वैनी.”

त्याच्या पलीकडचा धनगर म्हणाला, “व्हय वैनी.” आणि मग वरपर्यंत, झुडपाझुडपाआडून, माना हलत गेल्या. कुणी हात जोडले. एका म्हाताऱ्यानं माझ्या पायापुढचा दगड बाजूला केला.

मी वाटेनं चालत वर गेले. मधून.

घळीत पोचले तेव्हा मला धुराचा वास आला. दौलूनं काटक्यांचा जाळ केला होता आणि हलगी त्याच्यावर धरली होती. चामडं तापलं की ताण धरतं, मग आवाज लांब जातो. बाकीची आमची माणसं त्याच्याभोवती उकिडवी बसली होती. मास्तर एका खडकावर बसला होता, तोंड पांढरं पडलेलं.

“हे काय?” मी विचारलं.

“पल्याडच्या वाटंनं शिपाई यून गेला,” दौलू म्हणाला. “आईला धरलीया म्हनाला. खरं हाय?”

“उन्हात बसवलीया.”

“आनि?”

जे सांगायला पाठवलं होतं ते मी सगळं सांगितलं. मांगवाड्याचंही.

दौलूनं हलगी जाळावरून काढली आणि बोटानं तपासली. ठणकन आवाज आला, बारीकच, पण सगळे दचकले. त्यानं टिपरू उचललं.

“दौलू, धीर धर,” मास्तर म्हणाला. “थोडा वेळ. त्यांना खाली उतरू दे. एकदा का दिवाणसाहेब बोलायला आले...”

“तुमची आई घरात हाय, मास्तर.”

मास्तरानं मान खाली घातली. त्यानं उसनं उत्तर दिलं नाही.

दौलूनं हलगी छातीशी धरली. मी त्याच्या हाताकडं बघत होते. मनगट वर गेलं. आणि मी डोक्यावरचं मडकं काढलं आणि सगळं पाणी त्या तापलेल्या चामड्यावर ओतलं.

वाफ निघाली. चामडं लगेच ढिलं पडलं, मधोमध खोलगट झालं. ती हलगी माझ्या सासऱ्याची होती. तिच्यावर पावसाचा थेंब पडू नये म्हणून तो स्वतः भिजायचा. दौलूनं टिपरू हाणलं. फद्द असा आवाज झाला, चिखलात पाय पडावा तसा. पुन्हा हाणलं. मग त्यानं माझ्याकडं पाहिलं आणि त्याचा हात माझ्यावर उठला. तसाच वर राहिला.

“आई हाय खाली,” तो म्हणाला. “तुला कळतं का? माजी आई.”

मी रिकामं मडकं बाजूला ठेवलं. मग खाली बसले. ओल्या मातीत, जाळाच्या राखेशेजारी.

फौजदार स्वतः वर आला तेव्हा आम्ही सगळे तसेच बसलेलो होतो. त्यानं हलगी हातात घेतली, दाबून पाहिली आणि दरीत भिरकावली. मग तो घळीच्या काठावर उभा राहिला आणि उताराकडं तोंड करून ओरडला, “हलगीची वाट बघू नका! डबे वाजवा! वाजवा म्हणतो ना!”

तो क्षण मला अजून आठवतो. आता त्यांना सबब उरली नव्हती. हलगीची वाट बघत होतो असं आता कुणाला म्हणता येणार नव्हतं. हिंदुराव मास्तर उठला, फौजदाराच्या शेजारी जाऊन उभा राहिला. त्याचा आवाज आधी फुटेना. मग फुटला. “वेठ बंद झाल्याशिवाय डोंगर उठणार नाही!”

मला वाटलं आता एक तरी डबा वाजेल. एक वाजला की संपलं. मी डोळे मिटून घेतले. एकही वाजला नाही. उताराच्या खालून वरपर्यंत काहीतरी खसफसलं, म्हणून मी डोळे उघडले, तर माणसं झुडपांआडून बाहेर येत होती आणि उघड्यावर, सगळ्यांना दिसेल अशी, मांडी घालून बसत होती.

गोरा पाहुणा जेवणाच्या वेळेला मचाणावरून उतरला आणि मोटारीत बसून निघून गेला. त्याला कुठलंही जनावर दिसलं नाही.

त्याच दुपारी मास्तराला आणि दौलूला दंडाला दोराच्या काढण्या लावून नेलं. दुसऱ्या दिवशी मांगवाडा पाडला. रांगेतल्या कुणाच्या घराला हात लागला नाही, फक्त आमच्या. सासूला ऊन लागलं होतं, तिचा एक कान त्या दिवसापासून गेला, पण ती जगली. पडलेल्या भिंतींमध्ये ती जात्यावर बसून राहिली होती आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होती, “माज्या लेकानं हलगी खाली ठिवली.” सगळं संस्थान तेच म्हणत होतं. दौलू मांगानं हलगी खाली ठेवली. बाजारात म्हणत होते, देवळापुढं म्हणत होते. मी तुरुंगात भेटायला गेले तेव्हा दौलू गजांआडून म्हणाला, “लोक कायबाय बोलत्यात.”

“बोलू देत,” मी म्हटलं.

आणलेली भाकरी मी गजांतून आत दिली.

त्या पावसाळ्यात संस्थान पेटलं. गावोगावी सभा झाल्या. लोकांनी वाड्यावर गवत पोचवणं थांबवलं, जळण थांबवलं. महाराजांच्या दसऱ्याच्या मिरवणुकीला पालखी उचलायला माणूस मिळेना. एका गावी गोळीबार झाला, दोघं गेले. शेवटी महाराज वाकले. प्रजेनं निवडलेली सभा बसेल, तिचा कारभारी मंत्री होईल, आणि वेठ बंद, असा जाहीरनामा निघाला. तुरुंगातून मास्तर आणि दौलू एकाच दिवशी सुटले. दोघांनाही हार घातले, दोघांनाही एकाच बैलगाडीत बसवून मिरवलं. दौलूच्या कपाळावर गुलाल होता. तो गाडीतून मला शोधत होता आणि मी गर्दीच्या मागं होते. पुढं जायला वाट कुणी दिली नाही.

मास्तर सभेवर निवडून गेला, मंत्री झाला. जाहीरनामा ऐकायला दौलू चावडीवर गेला आणि वाचून घेऊन परत आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. त्यात होतं, जी रयत शेतसारा भरते तिच्याकडून वेठ घेऊ नये. गावकामगारांची कामं वतनाची असल्यामुळं ती पूर्वीप्रमाणं चालतील. आम्ही गावकामगार. आमच्याजवळ सारा भरायला जमीन नव्हती. सभेला मत द्यायलाही तीच अट होती.

मास्तर गावी आला तेव्हा दौलू त्याच्या घरी गेला. मीही गेले. तो ओट्यावर आला, आम्ही अंगणात उभे.

“मी भांडलो, दौलू,” मास्तर म्हणाला. तो थकलेला दिसत होता, तुरुंगातल्यापेक्षा जास्त. “सभेत एकटा पडलो. सगळे म्हणाले, गावकामगार सोडले तर गावगाडा कसा चालेल. माझेच लोक. इथं गावात तुकोजी म्हणाला, मेलेलं ढोर मग मी ओढू का?”

“मग तुमी काय म्हनला?”

“काय म्हणणार? मोडून टाकलं असतं तर हाती आलेलं तेवढंही गेलं असतं. एक एक पायरी चढू या. पुढल्या खेपेला...”

“पायरीवरच उबं हाय आमी, मास्तर,” दौलू म्हणाला. “खालच्या.”

आतून कुणीतरी मास्तराला जेवायला हाक मारली. आम्हाला बसा म्हणावंसं त्याला वाटत होतं, दिसत होतं ते. पण घरात त्याची आई होती, बायको होती, आलेले पाहुणे होते. तो म्हणाला नाही.

थंडी संपता संपता पुन्हा शिकार निघाली. आता रांगेतल्या माणसांना रोज मिळणार होता, दिवसभराचा, सरकारी. घळीतल्यांना नाही, आमचं वतन होतं. दौलू घरोघर फिरला. तुकोजीकडं गेला, धनगरांकडं गेला. “मागल्या साली तुमच्यासाटनं ठिवली, यंदा आमच्यासाटनं गप ऱ्हावा. यवडा एक दीस.” कुणी नाही म्हटलं नाही. कुणी मान हलवली, कुणी बघू म्हणालं, कुणी पाणी दुरून ओतून पाजलं.

सकाळी आमची माणसं घळीत गेली आणि नवी हलगी पुढं ठेवून बसली. मी त्या दिवशी कामाला गेले नव्हते, गावाच्या वरच्या माळावर उभी होते. ऊन धारेवरून खाली आलं. शांतता होती. मला क्षणभर वाटलं, बसतील. मग उताराच्या मध्यावर एक डबा वाजला. तो कुणाचा ते इतक्या लांबून कळणं शक्य नव्हतं. मग दुसरा वाजला. मग सगळे एकदम, ताशे, आरोळ्या, सगळा डोंगर. हलगीवाचून. रान उठलं आणि जनावरं घळीतून खाली सुटली, जिथं आमची माणसं हात बांधून बसली होती. दोघांना डुकरानं उडवलं. जीव वाचले, पण एकाचा पाय कायमचा गेला.

दौलूला पकडायला शिपाई आले ते नव्या सरकारचे होते. टोपी बदलली होती, काढण्या त्याच होत्या.

सहा महिन्यांनी तो सुटला तेव्हा कुणी हार आणला नाही. वाटेत तो म्हणाला, “हितं न्हाई ऱ्हायचं.” मी विचारलं नाही कुठं जायचं. आम्ही गेलो आणि आमच्या मागोमाग, पुन्हा उभ्या केलेल्या मांगवाड्यातली आणखी घरं गेली. पुढं संस्थान विलीन झालं, महाराजांचा वाडा कचेरी झाला, मास्तरालाही पुढल्या निवडणुकीत कुणीतरी पाडलं म्हणून ऐकलं. आम्ही मिरजेला रेल्वेच्या यार्डात आलो. दौलू गँगमध्ये लागला, रूळ उचलायचं काम. तिथं युनियन होती. पहिल्याच महिन्यात तो सभेला गेला आणि मी कपाळावर हात मारला.

मी थकले होते. खरंच थकले होते. तुरुंग, पडलेलं घर, नवं गाव, दोन मुलं गेली, एक जगली, सासू गेली. आणि हा पुन्हा कुणाचं तरी वाक्य तोंडात घेऊन हिंडायला लागलेला.

साठ साली मोठा संप झाला. तिसऱ्या-चौथ्या दिवशी संध्याकाळी दौलू फाटकावरून आला तेव्हा त्याची भुवई फुटली होती. मी कोमट पाण्यानं ती पुसत होते. चूल पेटलेली होती, पीठ मळून ठेवलं होतं. दुखत होतं तरी तो हलत नव्हता. एकाएकी म्हणाला, “तान्हे, त्या दिशी पानी का वतलंस?”

इतक्या वर्षांत त्यानं कधी विचारलं नव्हतं. मी फडकं पिळलं.

“आई खाली बसली हुती. तुला म्हाईत हुतं. मी भ्यालो हुतो, मास्तर भ्याला हुता. तू का न्हाई भ्यालीस?”

“भ्याले की.”

“मग?”

“वर येताना तुकोजीनं वाट दिली,” मी म्हटलं. “वैनी म्हनला मला. समदी म्हनली. मी वाटंच्या मदनं चालत आले.” मला ते सांगताना लाज वाटत होती, का ते माहीत नाही. “मला ठावं हुतं, हलगी वाजली की ते सपलं. मी परत काट्यात. म्हनून वाजू दिली न्हाई.”

भुवईतून पुन्हा रक्त आलं, मी ते टिपलं.

“तरी सपलंच की,” तो म्हणाला.

“सपलं.”

“मग काय मिळालं?”

“एक सकाळ,” मी म्हटलं.

तो भिंतीला टेकला. बाहेर यार्डात एकही इंजिन हलत नव्हतं.

“दमलीस तू,” तो म्हणाला.

“दमले.”

“उद्या बायकांचा मोर्चा हाय कचेरीवर. मी तुजं नाव दिलं न्हाई. तू नगं यूस. पोलीस लाठ्या घिऊन उबं ऱ्हात्यात आता.”

मी तव्यावर भाकरी टाकली, पाणी फिरवलं, आणि तिच्या कडा सुटायची वाट बघत बसले. ती उलटली, मग विस्तवावर धरली. फुगली चांगली. ती त्याच्या ताटात ठेवली.

“कितीला निघायचं?” मी विचारलं.